मशीनवरच थंडी वाजते? आधी मानेतली नळी तपासून घ्या

ताई, तुम्ही लिहिलंय की बाबांचं डायलिसिस मानेतल्या नळीतून होतं, मशीन लागल्यावर अर्ध्या-एक तासात हुडहुडी भरते, घरी आले की ठीक असतात. नळीच्या तोंडाशी लाली नाही, पू नाही, म्हणून उमरेडच्या डॉक्टरांनी व्हायरल समजून अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. मी नागपुरात डायलिसिस टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा.

व्हायरल ताप काही मशीनची वेळ बघून येत नाही. थंडी दर वेळी मशीनवरच वाजत असेल तर पहिला संशय नळीवर घ्यायचा. बाहेरची जागा स्वच्छ आहे म्हणून गाफील राहू नका. जंतू नळीच्या आतल्या भिंतीला चिकट थर करून बसतात. घरी नळी बंद असते, म्हणून सगळं शांत. मशीन सुरू होऊन रक्त धावायला लागलं की ते अंगात ढकलले जातात.

युनिटमध्ये एवढं विचाराच: त्याच पाळीत आणखी कुणाला थंडी वाजली का? एकदम तीन-चार जणांना वाजली तर आरओचं पाणी, म्हणजे मशीनला लागणारं शुद्ध केलेलं पाणी, तपासावं लागतं. एकट्या बाबांनाच वाजत असेल तर नळी.

गोळ्यांनी एक घोळ होतो. आधी अँटिबायोटिक पोटात गेलं तर रक्ताच्या कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) जंतू सापडतीलच असं नाही, आणि नळीतला थर काही गोळ्यांनी जात नाही. आजच युनिटला फोन करा, गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. कल्चरचं रक्त शक्यतो दोन जागांहून घेतात, नळीतून आणि हातातून. ज्या हाताला फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडायचं ऑपरेशन) करायचा, त्या हाताला मात्र सुई लावू देऊ नका. त्यानंतर रिपोर्टची वाट न बघता इंजेक्शन सुरू करतात. स्टॅफिलोकोकस ऑरियस निघाला तर नळी बहुधा काढावीच लागते. नव्या नळीचा खर्च बघून घरचे चालढकल करतात, पण हा जंतू हृदयाच्या झडपेत नाहीतर मणक्यात जाऊन बसतो. तापासोबत नव्याने पाठ दुखायला लागली तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा. बीपी पडलं, बाबा असंबद्ध बोलायला लागले किंवा धाप लागली तर सकाळची वाट बघू नका. नागपुरातली मेडिकल, मेयो, एम्स ही मोठी हॉस्पिटलं, जे जवळ पडेल तिथली कॅज्युअल्टी गाठा.

पुढच्या खेपेला नळीची टोपणं उघडताना जरा लक्ष ठेवा. पेशंट आणि सिस्टर दोघांच्याही तोंडाला मास्क हवा, हातमोजे नवे हवेत, आणि टोपण काढल्यावर नळीचं तोंड जंतुनाशकाने चांगलं दहा-पंधरा सेकंद घासून, वाळू देऊन मगच जोडायचं. घाईच्या पाळीत नेमकं हेच उरकलं जातं. विचारायला संकोच करू नका, चांगल्या सिस्टरला राग येत नाही.

आणि आपला मे महिना! पारा पंचेचाळिशीला टेकला की घामाने ड्रेसिंगची कड सुटते. घरची चिकटपट्टी लावू नका, युनिटमध्ये जाऊन ड्रेसिंग बदलून घ्या. नळीवर पाणी पडेल अशी आंघोळ बंद, अंग पुसून घ्यायचं.

फिस्टुलाची तारीख घेतली का? केल्यानंतर तो वापरण्याजोगा व्हायला दीड ते तीन महिने जातात, आणि तोवर ही नळी अंगात राहणार. ताप उतरून कल्चर साफ आलं की त्याच भेटीत सर्जनची वेळ मागा.