रशियाविषयक लेखांचा अग्रक्रम : कसोटी कोणती लावावी?

नमस्कार. मराठी विकिपीडियावरील रशिया प्रकल्पातील (रशियाविषयक लेखांचे काम एकत्र पाहणाऱ्या संपादकांच्या गटातील) लेखांना अत्युच्च, उच्च, मध्यम आणि कनिष्ठ अशा चार श्रेणी देताना कोणती कसोटी लावावी, असा प्रश्न आपण विचारला आहे. आपल्या पहिल्या मसुद्यात सगळे झार, सगळे सोव्हिएत नेते, सगळ्या प्रांतांच्या राजधान्या आणि साहित्याचे नोबेल मिळालेले सगळे लेखक अत्युच्च श्रेणीत आहेत, आणि यादी फार लांबल्यामुळे आता काय गाळावे हे कळत नाही, असेही आपण लिहिले आहे. मी यादी शेवटपर्यंत वाचली. काम मनापासून केलेले आहे आणि त्याचा पुढे उपयोग होणार आहे, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

आधी ही श्रेणी कोणासाठी आहे ते पाहू. ती संपादकांसाठी आहे. थोडे संपादक, मोजका वेळ आणि हजारो विषय अशा स्थितीत कोणता लेख आधी हाती घ्यावा, एवढेच ती सांगते. एखाद्या विषयावर स्वतंत्र लेख असावा की नाही हा उल्लेखनीयतेचा प्रश्न आहे आणि तो वेगळा सुटतो. लेख चांगला लिहिला आहे की नाही हा दर्जाचा प्रश्न आहे, आणि तोही वेगळा नोंदवला जातो. महत्त्व अत्युच्च पण दर्जा प्राथमिक अशी जोडी जिथे दिसेल तिथे आपले काम सर्वांत आधी सुरू व्हायला हवे. श्रेणी त्या त्या प्रकल्पापुरतीच असते, हेही ध्यानात ठेवावे. अण्णाभाऊ साठे १९६१ साली रशियाला गेले, त्यांनी त्या प्रवासाचे वर्णन लिहिले आणि २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा बसवला गेला. मराठी साहित्याच्या प्रकल्पात त्यांचा लेख निःसंशय अत्युच्च श्रेणीत जाईल. रशिया प्रकल्पात मात्र तो कनिष्ठ श्रेणीत राहील, आणि त्यात अण्णाभाऊंचा कोणताही अनादर नाही.

आता कसोटी. माझ्या मते एकच प्रश्न पुरेसा आहे : हा लेख ज्ञानकोशात नसेल, किंवा अगदीच तोकडा असेल, तर रशियावरचे इतर किती लेख वाचकाला नीट समजणार नाहीत? उत्तर 'फार' असे असेल तर श्रेणी वरची, आणि 'फक्त हाच' असे असेल तर कनिष्ठ. प्रसिद्धी, आकार, पद, पुरस्कार या गोष्टी या प्रश्नाला हातभार लावतात, पण त्याची जागा घेऊ शकत नाहीत.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या यादीतच मिळते, कारण ते त्या यादीत नाही. भूदासप्रथेचा लेख आपण कोणत्याच श्रेणीत घेतलेला नाही. १६४९ च्या कायदासंहितेने रशियन शेतकरी जमीनदाराच्या जमिनीला कायमचा बांधला गेला, आणि १८६१ साली अलेक्झांडर दुसरा याने ही प्रथा रद्द केली तेव्हा खासगी जमीनदारांच्या ताब्यात दोन कोटींहून अधिक माणसे होती. ही प्रथा समजल्याशिवाय १७७३ ते १७७५ मधला पुगाचोव्हच्या नेतृत्वाखालचा शेतकरी उठाव समजत नाही, १८२५ च्या डिसेंबरमध्ये सरदार घराण्यांतले अधिकारी झारविरुद्ध का उभे राहिले ते समजत नाही, एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांमधले जमीनदारी जग समजत नाही आणि मुक्ततेनंतरही शेतकऱ्यांवर लादलेल्या जमिनीच्या हप्त्यांचा असंतोष १९०५ पर्यंत कसा साचत गेला तेही समजत नाही. एवढे लेख ज्या एका लेखावर उभे आहेत, तो यादीच्या अगदी वरच्या दहांत असायला हवा.

त्याच यादीत इव्हान सहावा अत्युच्च श्रेणीत आहे. तो अवघ्या दोन महिन्यांचा असताना १७४० साली गादीवर बसवला गेला आणि पुढच्याच वर्षी पदच्युत झाला. पीटर तिसरा याची कारकीर्दही १७६२ मधल्या सहा महिन्यांची. या दोघांवर चांगले लेख जरूर असावेत, पण ते नसले तरी रशियाचा इतिहास अडत नाही. संपूर्ण वर्गाला एकच श्रेणी देण्याचा हा परिणाम आहे. राज्यकर्त्यांपैकी इव्हान चौथा, पीटर पहिला, कॅथरीन दुसरी, अलेक्झांडर दुसरा, निकोलस दुसरा, लेनिन, स्टालिन, गोर्बाचोव्ह, येल्त्सिन आणि पुतिन यांना मी अत्युच्च श्रेणी देईन. ख्रुश्चेव्ह आणि ब्रेझनेव्ह यांच्याबाबत मतभेद होऊ शकतो. मी त्यांना उच्च म्हणेन, पण कोणी सबळ कारण दिले तर अडून बसणार नाही. जेमतेम तेरा महिने सत्तेवर असलेले चेर्नेन्को मध्यम श्रेणीत शोभतात.

पुरस्काराच्या कसोटीचेही तसेच आहे. पुश्किन १८३७ साली गेले, म्हणजे नोबेल सुरू होण्याच्या कितीतरी आधी. टॉलस्टॉय आणि चेखव यांना पुरस्कार सुरू झाल्यावरही तो मिळाला नाही. कवयित्री अख्मातोव्हा यांनाही नाही. नोबेलवरून श्रेणी ठरवली तर १९३३ चे मानकरी इव्हान बुनिन चेखव यांच्या वर जाऊन बसतात, आणि हे बुनिन यांच्या चाहत्यांनाही पटणार नाही. पुरस्कार ही एक नोंद आहे. त्या लेखकाशिवाय रशियन साहित्याचे किती लेख अपुरे राहतात, हे पाहणे अधिक न्याय्य आहे.

भूगोलाकडे आपण कमी लक्ष दिले आहे, आणि जिथे दिले आहे तिथे आकाराने आपल्याला भुलवले आहे. साखा प्रजासत्ताक, म्हणजे याकुतिया, क्षेत्रफळाने जवळजवळ भारताएवढे आहे, पण तिथली लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास आहे. नुसत्या क्षेत्रफळावर ते अत्युच्च ठरेल आणि नुसत्या लोकसंख्येवर मध्यमच्याही खाली जाईल. हिरे, लेना नदी, तुर्की भाषाकुळातली याकुत भाषा आणि ओयम्याकोनसारख्या गावातली थंडी यांमुळे मी त्याला उच्च श्रेणी देईन. पण त्याहून महत्त्वाचा लेख म्हणजे कायम गोठलेल्या जमिनीचा. देशाच्या निम्म्याहून अधिक भूभागाखाली ही जमीन आहे. घरे खांबांवर का बांधावी लागतात, शेती कुठे थांबते, रेल्वेमार्ग कुठून न्यावा लागतो, तापमानवाढीने तेलवाहिन्यांना धोका का आहे, या सगळ्यांची मुळे तिथे आहेत. व्होल्गा, सायबेरिया, बैकाल सरोवर आणि ट्रान्स-सायबेरियन रेल्वे हे त्याच्या जोडीला अत्युच्च श्रेणीत असावेत. शहरांपैकी मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग अत्युच्च, कझान, नोवोसिबिर्स्क, येकातेरिनबुर्ग, निझ्नी नोव्हगोरोद आणि व्लादिवोस्तोक उच्च, आणि बाकी प्रांतांच्या राजधान्या बहुधा मध्यम.

यादीतली एक उणीव मला अधिक गंभीर वाटते. ती वाचून रशियात फक्त रशियन वंशाचे लोक राहतात असा समज होतो. शंभराहून अधिक समाज तिथे नांदतात. १५५२ साली इव्हान चौथ्याने कझान जिंकल्यापासून व्होल्गाकाठचे तातार मुस्लिम या राज्याचा भाग आहेत, काल्मिकियात बौद्ध बहुसंख्येने आहेत आणि बुर्यात लोक बैकालच्या परिसरात शतकानुशतके राहत आले आहेत. १९४३ आणि १९४४ साली काल्मिक, चेचेन, इंगुश, क्रिमियन तातार अशा संपूर्ण समाजांना मालगाड्यांत घालून मध्य आशिया आणि सायबेरियात हाकलले गेले आणि त्यात असंख्य माणसे मेली. सोव्हिएत काळातील सक्तीच्या स्थलांतरांचा लेख आपल्या यादीत नाही. चेचन्याची १९९० च्या दशकातली युद्धे त्याशिवाय समजत नाहीत, म्हणून तो उच्च श्रेणीच्या खाली जाता कामा नये. तातार, चेचेन आणि बुर्यात समाजांवरचे लेखही त्याच श्रेणीत धरावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आता सर्वांत नाजूक भाग. कीव्हन रूस (कीव्हभोवतीचे मध्ययुगीन राज्य), लेखक गोगोल, रेपिन, सर्गेई कोरोल्योव्ह हे विषय आपण सरळ 'रशियन' म्हणून घेतले आहेत. कीव्हन रूसच्या राज्यात ९८८ साली व्लादिमीरने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि त्या वारशाशी रशिया, युक्रेन आणि बेलारूस या तिन्ही देशांचे नाते आहे. गोगोल युक्रेनमध्ये जन्मले आणि रशियन भाषेत लिहीत राहिले. चित्रकार रेपिन चुहुईव्हचे, तर सोव्हिएत अंतराळ कार्यक्रमाचे सूत्रधार कोरोल्योव्ह झितोमिरचे. हे सगळे लेख रशिया प्रकल्पात उच्च किंवा अत्युच्च श्रेणीत असायला हरकत नाही, कारण आपली कसोटी ते पूर्ण करतात. मात्र श्रेणी देणे म्हणजे मालकी सांगणे नव्हे, आणि तेच लेख युक्रेन प्रकल्पातही तितक्याच वरच्या श्रेणीत असू शकतात. श्रेणीच्या आधारे लेखाच्या पहिल्या वाक्यात राष्ट्रीयत्व बदलण्याचे संपादन कोणी केले तर ते ताबडतोब उलटवावे. युक्रेनचे क्रिमिया, दोनेत्स्क, खेर्सोन यांना रशियन शहरे-प्रांतांच्या वर्गात टाकू नये. २०१४ आणि २०२२ या दोन्ही वेळी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने रशियाने केलेले सामिलीकरण अमान्य ठरवले आहे. युक्रेनवरील आक्रमणाचा लेख रशिया प्रकल्पात अत्युच्च श्रेणीत यावा, कारण आजच्या रशियाची अर्थव्यवस्था, परराष्ट्र धोरण आणि अंतर्गत दडपशाही त्याशिवाय समजत नाही. पण म्हणून त्या युद्धातले प्रत्येक ठिकाण रशियन विषय होत नाही. चेर्नोबिल (युक्रेन), बैकोनूर (कझाकस्तान) आणि अरल समुद्र (कझाकस्तान आणि उझबेकिस्तान) यांचेही असेच आहे. सोव्हिएत संघाचा लेख अत्युच्च, पण पूर्वीच्या प्रत्येक प्रजासत्ताकातली प्रत्येक गोष्ट रशियाच्या खात्यावर मांडू नये.

ताज्या बातम्या आणि पृष्ठदृश्यांबद्दल (एखादे पान किती वेळा पाहिले गेले त्या आकड्यांबद्दल) थोडक्यात. वाचक काय शोधतात हे पृष्ठदृश्ये सांगतात आणि त्याची दखल घ्यावी, पण मराठी विकिपीडियावर हे आकडे एखाद्या बातमीनेही उसळतात. ऑगस्ट २००० मध्ये कुर्स्क पाणबुडी बुडून ११८ जण मृत्युमुखी पडले तेव्हा जगभर दुसरा विषय नव्हता. त्या महिन्यात श्रेणी दिली असती तर ती अत्युच्च दिली गेली असती. आज तो लेख मध्यम श्रेणीत योग्य वाटतो. चालू घडामोडींना श्रेणी देण्याआधी निदान वर्षभर थांबावे.

विज्ञान आपल्या यादीत फक्त गागारिन यांच्यापुरते आहे. मेंडेलिव्ह (आवर्तसारणी, १८६९), गणिती लोबाचेव्हस्की, शरीरक्रियाशास्त्रज्ञ पावलोव्ह आणि संभाव्यतेच्या सिद्धान्ताला १९३३ साली भक्कम पाया देणारे कोल्मोगोरोव्ह यांच्याशिवाय यादी पुरी होत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह यांच्यासाठी मी विशेष रदबदली करतो. जगभर फिरून त्यांनी पिकांच्या बियाण्यांचा प्रचंड संग्रह लेनिनग्राडला (आजच्या सेंट पीटर्सबर्गला) उभारला. आनुवंशिकताशास्त्र नाकारणाऱ्या लिसेन्कोच्या छद्मविज्ञानाला विरोध केल्यानंतर १९४० साली त्यांना अटक झाली आणि १९४३ साली सारातोव्हच्या तुरुंगात, उपासमारीने खंगून, त्यांचा अंत झाला. त्याच काळात, ८७२ दिवसांच्या वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राडमध्ये, त्यांच्या संस्थेतले काही सहकारी धान्याच्या पिशव्यांच्या सान्निध्यात भुकेने मेले, पण बियाण्याला त्यांनी हात लावला नाही. विज्ञान, दडपशाही, दुष्काळ आणि युद्ध हे चारही धागे या एका चरित्रात एकत्र येतात. माझ्या मते वाविलोव्ह आणि लिसेन्कोवाद हे दोन्ही लेख उच्च श्रेणीत हवेत.

मराठी वाचकांच्या आवडीला वेगळे वजन द्यावे का, असेही आपण विचारले आहे. मॉस्कोच्या प्रकाशनगृहांनी स्वस्तात पोहोचवलेली मराठी भाषांतरे वाचून एक पिढी वाढली, आणि म्हणून आपल्याकडे साहित्याचे लेख लिहिणारे जास्त आणि भूगोलाचे कमी, ही वस्तुस्थिती आहे. शिवाय खरोखरचे दुवेही आहेत. त्वेर या रशियन शहरातला व्यापारी अफानासी निकितिन पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात चौल बंदरात उतरला, जुन्नरला पावसाळा काढून बिदरला गेला आणि त्याने बहमनी राज्याचे वर्णन लिहून ठेवले. मुंबईची आयआयटी १९५८ साली युनेस्कोच्या मार्फत मिळालेल्या सोव्हिएत साहाय्याने उभी राहिली. असे लेख आपण सोडून कोण नीट लिहिणार? तरीही त्यांची श्रेणी वाढवू नये. 'मराठी प्रदेशाशी संबंधित रशियाविषयक लेख' असा वेगळा वर्ग करावा, म्हणजे श्रेणी स्वच्छ राहील आणि हे लेखही नजरेआड होणार नाहीत. निकितिन मध्यम, आयआयटी मुंबई कनिष्ठ. इंग्रजी विकिपीडियाच्या प्रकल्पातल्या श्रेणी जशाच्या तशा आणण्यालाही माझा विरोध आहे. मेटाविकीवर (सर्व विकिपीडियांच्या सामाईक समन्वय-संकेतस्थळावर) 'प्रत्येक विकिपीडियात असावेत असे लेख' ही हजार लेखांची यादी आहे, ती पडताळणीसाठी वापरावी.

कामाची पद्धत अशी सुचवतो. अत्युच्च श्रेणीत शंभराच्या आतच लेख ठेवावेत. श्रेणी देताना लेखाच्या चर्चापानावर एका वाक्यात कारण लिहावे, आणि त्या वाक्यात या लेखावाचून अपुरे राहणाऱ्या निदान तीन लेखांची नावे द्यावीत. तीन नावे सुचत नसतील तर श्रेणी एक पायरी खाली आणावी. दोन सदस्यांत मतभेद झाला तर तोडगा निघेपर्यंत खालची श्रेणी कायम ठेवावी आणि विषय चावडीवर, म्हणजे सर्व सदस्यांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, मांडावा.

आपल्या यादीतल्या राज्यकर्त्यांच्या आणि राजधान्यांच्या नोंदी या पद्धतीने आपणच पुन्हा चाळाव्यात, कारण त्या आपल्याला माझ्यापेक्षा अधिक परिचित आहेत. भूदासप्रथेच्या लेखाचा आराखडा मी या आठवड्यात माझ्या धूळपाटीवर (कच्च्या मसुद्याच्या पानावर) मांडतो. १६४९ पूर्वीच्या शेतकऱ्याच्या स्थितीवरचा विभाग आपण घेतलात तर लेख लवकर मुख्य नामविश्वात, म्हणजे प्रत्यक्ष ज्ञानकोशात, आणता येईल.