मलमाने सुकलेली जखम खोगीर घातलं की परत का उघडते?

तुम्ही लिहिलंय की मारवाडी घोडी आहे, आयाळ संपते त्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना जखमा आहेत, मलमाने सुकतात आणि खोगीर चढवलं की उघडतात. मग आणखी जाड नमदा (खोगिराखालची लोकरीची गादी) घालू का, असं विचारलंय. अजिबात नको. खोगीर मुळात अरुंद असेल तर जाड नमद्याने ते जास्तच आवळतं. घट्ट बुटात दोन मोजे घातल्यासारखं.

घासून झालेली जखम वरून सुरू होते, दाबाची आतून. खोगिराचा आतला सांगाडा आणि घोड्याचं हाड यांच्यामध्ये बारीक रक्तवाहिन्या चिमटतात, रक्त पोचत नाही आणि कातडी मरायला लागते. खोगीर उतरवल्यावर थोड्या वेळाने टेंगूळ येतं ते परत आलेल्या रक्ताचं. म्हणून उतरल्या उतरल्या खोगीर ओढून काढू नका. तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, सैल करून थोडा वेळ राहू द्या.

मी घोडा बघायला गेलो की आधी पाठीवरचे पांढरे केस शोधतो. काळ्या-तांबड्या घोड्याच्या फऱ्यामागे (खांद्याच्या रुंद हाडामागे) पांढरे ठिपके दिसले की समजायचं, इथे कधीतरी खोगीर रुतलंय. ते केस सहसा पुन्हा रंग धरत नाहीत. विकणारा 'जन्मखूण आहे' म्हणतो, म्हणू दे.

तुमच्याकडे खात्री करायला घाम पुरे. जखम पूर्ण भरली की चांगली फेरी मारून आणा आणि खोगीर काढून पाहा. कण्यावरची पट्टी कोरडी असायलाच हवी. पण आजूबाजूला ओलं आणि फऱ्यामागे तेवढाच कोरडा डाग असेल, तर दाब तिथेच आहे. मग नमद्याशिवाय खोगीर ठेवून पुढून खाली हात सरकवा. बोटं अडकली तर अरुंद. उलट फार रुंद असेल तर ते उंचवट्यावरच टेकतं. स्वार बसल्यावरही तिथे दोन-तीन बोटं जागा हवी. मारवाडीचा उंचवटा वर आलेला असतो, त्यामुळे दुसऱ्याच्या घोड्याचं जुनं खोगीर तिला क्वचितच बसतं. शिवाय पावसाळाभर घोडी उभी राहिली की पाठीचं मांस उतरतं, आणि मे महिन्यात नीट बसणारं खोगीर दसऱ्याला बसत नाही.

जखम भरून केस येईपर्यंत खोगीर बंद, घोडीला नुसतं हाताने धरून फिरवा. कातडी चामड्यासारखी कडक झाली असेल किंवा पू येत असेल तर मलम थांबवून पशुवैद्यांना बोलावा. नवीन खोगीर घेताना फऱ्यामागे जाड तार वाकवून पाठीचा आकार पुठ्ठ्यावर उतरवा आणि तो पुठ्ठा दुकानात घेऊन जा.