सायकलवर सामान लादून धारणी-चिखलदऱ्याकडे फिरायचंय, टायर २ इंची. रिम कोणती घ्यावी?

२६ इंची (५५९, म्हणजे टायर बसतो तिथला रिमचा व्यास मिमीमध्ये), दुहेरी भिंतीची, आतून २३ ते २५ मिमी रुंद आणि ३६ स्पोकची रिम घ्या. १७ मिमीच्या अरुंद रिमवर ५० मिमीचा टायर हवा कमी केली की वळणावर लोळतो. २६ यासाठी की तालुक्याच्या दुकानात याच मापाचे टायर-ट्यूब सहसा मिळतात. मात्र टायरच्या कडेवर ५०-५५९ असंच कोरलेलं बघा. २६ x १ ३/८ चा टायर ५९० च्या रिमचा, तो बसणारच नाही. व्हॉल्व्हचं भोक ८.५ मिमीचं हवं, म्हणजे गावातल्या ट्यूबचा जाड व्हॉल्व्हही जातो.

पैसे मागच्या चाकावर घाला. स्पोक तुटतो तो बहुतेक तिथलाच. चेनकडचे स्पोक उभे आणि जास्त ताणलेले असतात, शिवाय कॅसेट (मागच्या चाकावरची गिअरची दातेरी चक्रं) उतरवल्याशिवाय ते बदलताही येत नाहीत. त्या बाजूचे तीन-चार जादा स्पोक आणि कॅसेटचा पाना सोबत असू द्या.

रिम-ब्रेक असेल तर पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल ब्रेकच्या रबरात रुतून रिम कानशीसारखी घासतो, तेव्हा रबरं रोज पुसा. बाभळीच्या काट्याला मात्र कोणतीच रिम अडवत नाही!

फ्रेम मुळातच ७०० (६२२) मापाच्या चाकांची, डिस्क-ब्रेकची असेल तर चाकं बदलू नका. घडी घालून नेता येणारा त्याच मापाचा एक टायर आणि दोन ट्यूब बांधून घ्या.