माईकडे चमचे होते

बायो,

मंगळवारी तुझी किटातली, म्हणजे इथल्या जर्मन बालवाडीतली, मैत्रीण खेळायला आली होती. तिच्या बाबांना यायला उशीर झाला म्हणून ती जेवायलाही थांबली. वरणभात तिने चमच्याने खाल्ला, छान खाल्ला, मागून घेतला. तू माझ्यासमोर तोंड उघडून बसलीस आणि मी नेहमीसारखी भरवत गेले. ती थोडा वेळ बघत राहिली, मग म्हणाली की असं तर बाळांना भरवतात. तू तेव्हा काहीच बोलली नाहीस. रात्री दात घासताना मात्र फेसाळलेल्या तोंडाने मला विचारलंस, "आई, तू छोटी होतीस तेव्हा माईकडे ल्योफेल नव्हते?"

ल्योफेल म्हणजे जर्मनमध्ये चमचे, आणि माई म्हणजे माझी आई, तुझी आजी. मी म्हटलं, "होते की." तुझं तेवढ्याने भागलं. चूळ भरून तू झोपायला गेलीस. मला तो प्रश्न लागला. साडेतीन वर्षांची आहेस तू, कुणाला दुखवायचं तुझ्या मनातही नव्हतं. तू फक्त हिशेब मांडलास: आई हाताने भरवते, त्या अर्थी तिच्या घरी चमचा नसणार. पण माझ्या घराची ओळख तुला तिथे काय नव्हतं इथून व्हावी, हे मला सोसेना. म्हणून लिहायला बसले. वाचता येईल तेव्हा वाच. देवनागरी तोवर आलं नसेल तर मी वाचून दाखवीन, त्यासाठी शिकच असं म्हणणार नाही.

तर, चमचे होते. मालवणजवळच्या आमच्या देवबागच्या घरात ते काचेचं कपाट आहे ना, ज्याच्या दाराला नाक लावून तू उभी राहायचीस, त्याच्या मधल्या खणात स्टीलच्या चमच्यांचा डबा असायचा. भाऊंनी, माझ्या वडिलांनी, मुंबईहून आणलेला. भाऊ तेव्हा मुंबईत नोकरीला होते, घरी यायचे ते गणपतीत आणि मे महिन्यात, आणि येताना घरात नसलेली एखादी वस्तू हमखास आणायचे. एका वर्षी कुकर आणला, एका वर्षी हे चमचे. पाहुण्यांना शिरा द्यायचा असला की ते बाहेर निघायचे, पुसून पुन्हा डब्यात जायचे. आम्हा मुलांच्या वाट्याला ते यायचे ते औषधापुरते. स्टीलचा चमचा जिभेला लागला की मला अजून खोकल्याचं औषध आठवतं.

आमचा रोजचा चमचा परड्यात झाडावर असायचा. सकाळी दहाच्या सुमाराला उकड्या तांदळाची पेज तयार झाली की बाय, म्हणजे भाऊंची आई, तुझी पणजी, हाक मारायची, "जा गो, पाना घेवन ये." आम्ही फणसाची पानं तोडून आणायचो. पान दुमडून त्याचा खोलगट आकार करायचा आणि माडाच्या हिराचा, म्हणजे पातीच्या मधल्या काडीचा, तुकडा टोचून तो पक्का करायचा. झाला चमचा. मोठी काकी हीर एकदाच आत घालून एकदाच बाहेर काढायची आणि तिच्या पानातून थेंब गळत नसे. माझ्यातून निम्मी पेज फ्रॉकवर सांडायची. सोबत खारातली मिरची किंवा चुलीत भाजलेला सुका बांगडा. पेज संपली की चमचा गोठ्यात गायीपुढे. पेजेला हात चालत नाही, तिथे चमचाच लागतो, आणि आमच्याकडे तो रोज नवा असे. हे तुला त्या रात्री सांगायला हवं होतं, पण तू पेंगत होतीस.

भात आणि मासे मात्र हाताने. लहान मुलांना बायच्या हाताने. तू जन्मायच्या आधीच ती गेली. दुपारी मी, मामा आणि मोठ्या काकीची तिघं एका मोठ्या ताटाभोवती बसायचो, आणि बाय एकेकाच्या तोंडात पाळीपाळीने घास द्यायची. आम्ही घरट्यातल्या पिल्लांसारखे आ करून वाट बघायचो. कुणाची पाळी चुकली तर भांडण व्हायचं.

बांगड्याचा मधला काटा सरळ निघतो, तो कुणालाही काढता येतो. पेडव्यांचं तसं नाही. त्यांचे काटे केसाएवढे बारीक आणि मऊ, डोळ्यांना दिसत नाहीत. बाय माशाचा तुकडा अंगठा आणि दोन बोटांत धरून हलकेच चुरायची, भातात कालवायची, गोळा करायची आणि तोंडात घालायच्या आधी तो घास पुन्हा एकदा दाबून बघायची. मग म्हणायची, "खा गो, काटो नाय हा." प्रत्येक घासाला हे वाक्य. आजारी पोराला मुडदुशे, कारण ते पचायला हलके, आणि त्यातलेही काटे तीच काढायची. कधी इतर कुणाच्या हातून काटा राहिला आणि घशात टोचला, की सुक्या भाताचा गोळा न चावता गिळायला लावत. बायच्या हातून तशी पाळी माझ्यावर आलेली मला आठवत नाही.

आणि हे सगळं ती पुष्कळदा अंधारात करायची. पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली की कधी येईल त्याचा नेम नसे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आमचं घर, त्यामुळे वारा दोन्हीकडून मारायचा. स्वयंपाकघरात एक चिमणी मिणमिणत असे. त्या दिवसांत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असायची, तेव्हा ताजं म्हणजे खाडीत मिळेल तेवढं, नाहीतर सुकट नि खारे बांगडे. बायच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. खाडीचा काटेरी मासा, चिमणीचा उजेड, तो डोळा, आणि तरी घासात काटा नाही. तिची बोटंच बघायची. मी ती बोटं फार जवळून पाहिली आहेत, दिवसातून दोनदा तोंडाशी यायची. हळदीने पिवळी, नखं अगदी बारीक कापलेली, तिरफळाचा वास.

इथे तुला मासा भेटतो तो आयताकृती, वर कुरकुरीत आणि आत पांढरा. माशाला काटे असतात हे तुला पहिल्यांदा कळलं ते मी तुर्की दुकानातून अख्खा मॅकरेल आणला तेव्हा. आपला बांगडा नव्हे तो, त्याच्या घराण्यातला मोठा भाऊ म्हण. माईने दिलेली तिरफळं ठेचून घालते, कोकम घालते, आणि जवळपास जमतं. तो मासा मी तुला हातानेच भरवते आणि त्याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. चमच्याला काटा लागत नाही, बोटाला लागतो. घास गरम आहे की नाही तेही बोटालाच आधी कळतं. तुझ्या मैत्रिणीने पुन्हा विचारलं आणि तुला सांगावंसं वाटलं, तर हे सांग. नाही वाटलं तर राहू दे.

पण बायो, वरणभातात काटा नसतो. आणि मंगळवारी वरणभात होता.

किटातल्या तुझ्या ताईंनी मला सांगितलंय की तिथे तू स्वतः वाढून घेतेस, काट्याने खातेस, ताटली उचलून गाडीवर ठेवतेस. ऐकताना मला किती बरं वाटलं. इथली मुलं वर्षाची झाली की स्वतःच्या हाताने खायला लागतात, तोंड माखतं, जमीन माखते, कुणी रागावत नाही, आणि बघता बघता त्यांना सगळं येतं. मला ही पद्धत मनापासून आवडते. तुला ती येते याचा अभिमान आहे. मग घरी आल्यावर तू आ का करतेस आणि मी का भरवते?

माझ्याकडे एकच उत्तर आहे, आणि ते रीतिरिवाजाचं नाही. सकाळी तुला सोडते ती चारला घ्यायला येते. हिवाळ्यात तेव्हा इथे अंधार पडलेला असतो. लोकरीची टोपी, बूट, ट्राम, आणि घरी पोचेपर्यंत तू एक शब्द बोलत नाहीस. मी विचारलं, आज काय झालं, तर "काही नाही." मग मी भात कालवायला घेते, पहिला घास जातो, दुसरा जातो, आणि तिसऱ्या-चौथ्याला तू सांगायला लागतेस. कोण रडलं, कुणी ढकललं, पलंगावर कुणी शू केली. चमचा तुझ्या हातात असला की तू चमच्याकडे बघतेस. घास माझ्या हातात असला की माझ्याकडे. माझ्या बाकीच्या दिवसात असं काही नाही. यात तुझी गरज किती आणि माझी किती, हे मला अजून नीट वेगळं करता आलेलं नाही. बहुतेक माझी जास्त आहे.

आमच्याकडच्या भरवण्यातलं एक मला मुळीच नको आहे, तेही लिहून ठेवते. आमचं पोट भरलं तरी घास थांबत नसत. हा भाऊंचा, हा मोठ्या काकीचा, हा माडावरच्या कावळ्याचा. मान फिरवली की गाल धरून आत. "पोट भरला मा?" असं विचारायचे, पण "होय" म्हटल्यावर आणखी दोन घास ठरलेलेच. माणसं पोटभर खाऊ घालणं हेच प्रेम समजत होती, आणि त्यांनी स्वतः लहानपणी ताटातलं कमी पडताना पाहिलं होतं, हे आता मला समजतं. पण तेव्हा जीव गुदमरायचा. इथे म्हणतात की ताटात काय हे मोठ्यांनी ठरवावं आणि किती हे मुलाने. ते बरोबर आहे. म्हणून तू "बास" म्हटलंस की माझा हात थांबतो. माई फोनवर बघत असते आणि तिचा जीव खालीवर होतो. तिकडे रात्र झालेली असते, ती स्वतः जेवायची थांबलेली असते, आणि म्हणते, "गो, एवढासाच खाल्लान?" मी ऐकून घेते.

आणखी एक आहे, ते डाव्या हाताचं. तू डावरी आहेस हे आम्हाला तू खडू धरायला लागलीस तेव्हाच कळलं. हाताने खायची वेळ येते तेव्हा तुझा डावाच पुढे होतो, आणि फोनमधून लगेच येतं, "उजव्या हातान खा गो बाय." मागच्या वेळी तू गोंधळून दोन्ही हात मांडीवर ठेवलेस. ते मला आवडलं नाही. मामा डावरा आहे, तुला माहीत आहे. लहानपणी जेवताना बाय त्याचा डावा हात पंच्याने कमरेला बांधून ठेवायची. हो, तीच बाय, काटे काढणारी. शाळेत त्याला त्याच हातावर पट्टी खावी लागली. तो उजव्याने लिहायला शिकला, अक्षर कायमचं वाकडं राहिलं, आणि जाळं मात्र अजून डाव्यानेच फेकतो, सगळ्या वाडीत त्याचं जाळं सगळ्यात गोल पडतं. बायला तिच्या काळात जे शिकवलं होतं तेच ती करत होती, आणि मामाला त्याचा त्रास झाला, या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी माहीत आहेत. तुझा हात कुणी बांधणार नाही. माईला मी सांगितलंय. तिला वाईट वाटलं, दोन दिवस ती तुझ्याशीच बोलली, माझ्याशी नाही. मग तिनेच विषय काढला की मामाला तेव्हा ताप आला होता, तो हातामुळे असेल का. इतक्या वर्षांत हे तिने पहिल्यांदा काढलं.

पुढच्या गणपतीला आपण जातोय. तू सहा वर्षांची झालीस की इथल्या शाळेचे नियम कडक, मध्येच रजा मिळत नाही, आणि गणपती बहुधा शाळा सुरू झाल्यावरच येतात. तोवरच्या वर्षांत जमेल तेवढं जायचं, असं मी आणि बाबाने ठरवलंय. तेव्हा घर भरलेलं असेल, दुपारी ओटीवर पंगत बसेल, केळीच्या पानावर भात, काळ्या वाटाण्यांचं सांबार आणि वडे. चमचा मागितलास तर मिळेल, कपाटातला डबा मी आधीच काढून ठेवायला सांगते. आ केलंस तर भरवायला मी आहे, माई आहे, मोठी काकी तर वाटच बघत असेल. आणि स्वतःच्या हाताने जेवावंसं वाटलं, तर मामा बसतो तिथे बस. तो कायम पंगतीच्या डाव्या टोकाला बसतो, म्हणजे त्याचं कोपर कुणाला लागत नाही. त्याला तिथून थोडं सरकायला सांग आणि टोकाची जागा तू घे. तो देईल.

तुझी
आई