फुगणारे जेल, ताणलेले रबर आणि सांध्यातील कूर्चा

प्रश्न : ओलावा शोषणाऱ्या जेलची भुकटी पाण्यात फुगते आणि तिच्यावर मीठ भुरभुरले की पुन्हा आक्रसते. सांध्यांतील कूर्चाही (हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत, लवचीक थर) पाण्याने ‘फुगलेली’ असते, असे वाचले. दोन्हींमागील कारण एकच आहे का? आणि रबर ताणल्यावर त्याचेही आकारमान वाढते का?

उत्तर : रबराचे आधी पाहू, कारण ते फुगण्याचे उदाहरणच नव्हे. रबर ताणले की लांबी वाढते तशी रुंदी आणि जाडी कमी होते, आणि आकारमान जवळजवळ होते तेवढेच राहते. ताणल्याने रेणूंच्या गुंडाळलेल्या साखळ्या फक्त उलगडतात, त्यांच्यामध्ये नवी जागा तयार होत नाही. स्नायूचेही तसेच आहे. मज्जातंतूंमधून काहीतरी वाहत येते आणि त्याने स्नायू फुगतो, अशी समजूत सतराव्या शतकात रूढ होती. डच निसर्गअभ्यासक यान स्वामर्डम यांनी बेडकाचा स्नायू बंद काचनळीत ठेवला, नळीच्या बारीक तोंडात पाण्याचा एक थेंब अडकवला आणि मज्जातंतूला डिवचले. स्नायू फुगला असता तर थेंब वर सरकला असता; स्नायू आखडला, पण थेंब वर गेला नाही. इतक्या साध्या साधनांनी इतका जुना समज मोडल्याची उदाहरणे थोडीच असतील.

जेलचे आकारमान मात्र खरोखर बदलते, कारण त्यात बाहेरून पाणी येते. आपण म्हणता ती भुकटी बहुधा सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटची असावी. या पॉलिमरच्या, म्हणजे लांब साखळ्यांसारख्या रेणूंच्या पदार्थाच्या, साखळ्यांवर ऋण प्रभार असतात आणि ते सोडियमच्या आयनांना (धन प्रभार असलेल्या अणूंना) जवळ धरून ठेवतात. हे आयन जेल सोडून जाऊ शकत नाहीत, म्हणून ती दाटी विरळ करण्यासाठी पाणीच आत शिरते. साखळ्यांना एकमेकींशी बांधणारे आडबंध ताणले जाऊन पुरे म्हणेपर्यंत हे चालते. या ओढाताणीचे गणित फ्लोरी आणि रेनर या रसायनशास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये मांडले. शुद्ध पाण्यात अशी भुकटी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी धरते, पण बाहेरच्या पाण्यातच ०.९ टक्के मीठ असेल तर आतबाहेरच्या आयनांमधील तफावत घटते आणि हे प्रमाण साधारण ३० ते ६० पटींवर येते. मीठ भुरभुरल्यावर आपल्याला दिसते ते हेच.

कूर्चेतील कारणही मुळात हेच आहे. तिच्यातील अ‍ॅग्रिकॅन नावाच्या रेणूंवर ऋण प्रभार दाटीने बसलेले असतात आणि ते पाणी ओढतात. कूर्चेच्या वजनाचा सुमारे ६५ ते ८० टक्के भाग पाण्याचाच असतो. फरक आहे तो लगाम कोणाच्या हाती, याचा. जेलमध्ये तेच जाळे पाणी ओढते आणि तेच आवरते. कूर्चेत आवरण्याचे काम कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू करतात, आणि ते इतके घट्ट असतात की अ‍ॅग्रिकॅनला हवे तेवढे पाणी कधीच मिळत नाही. माझ्या मते कूर्चेचे सारे मर्म या अडवलेल्या फुगण्यात आहे, कारण भार पेलणारा दाब त्यातूनच येतो. संधिवाताच्या झिजेत सुरुवातीला कोलॅजेनचे जाळे सैल पडते, तेव्हा कूर्चेतील पाणी कमी होण्याऐवजी वाढते आणि ती मऊ पडते.

पाण्याला बाहेर पडायला वेळ लागतो, हेही ध्यानात घ्यावे. जेलच्या मण्याचा व्यास दुप्पट केला तर फुगण्याचा काळ सुमारे चौपट होतो. म्हणून पाऊल टेकते त्या क्षणभरात कूर्चेतील पाणी फारसे हलत नाही आणि ती रबरासारखी वागते. तासन्‌तास भार राहिला तर मात्र ते हळूहळू झिरपते. पाठीच्या मणक्यांमधील चकत्यांतून दिवसभरात असे पाणी जाते आणि माणूस संध्याकाळी सकाळपेक्षा एक-दोन सेंटिमीटर बुटका भरतो. यातील बराचसा फरक उठल्यानंतरच्या पहिल्या तासाभरातच पडतो. रात्री आडवे झाल्यावर पाणी परत येते.

रबराशी तुलना पूर्णपणे फसते ती रक्ताच्या गुठळीतील फायब्रिन या प्रथिनाच्या जाळ्यापाशी. ते खूप ताणले की त्याचे आकारमान चक्क घटते, कारण प्रथिनांचे रेणू उलगडून एकमेकांना चिकटतात आणि आतील पाणी बाहेर ढकलले जाते.

प्रश्न : मग बराच वेळ पाण्यात राहिल्यावर बोटांना पडणाऱ्या सुरकुत्याही त्वचा फुगल्यामुळेच पडतात ना?

उत्तर : तसे वाटते खरे, आणि त्वचेचा वरचा थर थोडे पाणी शोषतोही. पण सुरकुत्यांचे मुख्य कारण उलटे आहे : मज्जातंतूंच्या आज्ञेने बोटातील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आतला गर आक्रसतो आणि वरची त्वचा आत ओढली जाते. ज्या बोटाचा मज्जातंतू तुटला आहे त्याला पाण्यात कितीही ठेवले तरी सहसा सुरकुत्या पडत नाहीत. मज्जातंतूचे काम तपासण्यासाठी डॉक्टर याचा उपयोगही करतात.