एलडीएल १००, मग डॉक्टर नाराज का?

प्रश्न : वय ५२. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १०० आला, मी निर्धास्त झालो. डॉक्टर मात्र ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २८० वर बोट ठेवून बसले. एकूण कोलेस्टेरॉल १९०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४. घाबरायचं का?

उत्तर : घाबरू नका, पण निर्धास्तही राहू नका. १९० मधून ३४ वजा करा : १५६. हा तुमचा नॉन-एचडीएल, म्हणजे चांगलं सोडून उरलेलं सगळं कोलेस्टेरॉल. रिपोर्ट हातात आला की मी आधी तोच काढते. १३० च्या आत असलेला बरा. ट्रायग्लिसराइड वाढलं की कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएलचे कण बहुधा बारीक होतात आणि संख्येने वाढतात. कोलेस्टेरॉल तेवढंच, गर्दी जास्त! धमनीच्या भिंतीत शिरतात ते हे कणच. प्रत्येक कणावर अपोबी या प्रथिनाचा एकच रेणू, म्हणून अपोबी मोजणं म्हणजे डोकी मोजणं. ती तपासणी करून घ्याच. आणि हो, बीपी, साखर, तंबाखू याबद्दल तुम्ही अवाक्षरही लिहिलेलं नाही. ते कळवा.