टाकीची क्षमता आणि उंची माहीत आहे, व्यास कसा काढू?

क्षमतेचे घन सेंमी करा (1 लिटर म्हणजे 1000), उंची गुणिले 3.1416 ने भागा आणि वर्गमूळ घ्या. ही झाली त्रिज्या. 1000 लिटर आणि 120 सेंमी उंची असेल तर 10,00,000 भागिले 377, म्हणजे साधारण 2652; वर्गमूळ 51.5, व्यास 103 सेंमी. हा आतला व्यास बरं का.

पण टाकी समोर उभी असेल तर हे उलटं गणित कशाला? टेप लावा. आणि कृपा करून तोंडावर पट्टी आडवी ठेवून व्यास मोजू नका. यावरून मी वर्कशॉपमध्ये कायम भांडत आलोय. केंद्र नक्की कुठे आहे हे डोळ्यांना कळत नाही. 100 सेंमी व्यासाच्या टाकीवर पट्टी केंद्रापासून 10 सेंमी सरकली की वाचन 98 येतं. त्रिज्येचा वर्ग होतो, त्यामुळे घनफळ थेट 4 टक्क्यांनी घटतं. पट्टीची चूक नेहमी कमीकडेच जाते, म्हणून पट्टीच वापरायची असेल तर ती हलवत राहा आणि सर्वांत मोठं वाचन धरा.

घेर मोजणं केव्हाही बरं. टेपच्या टोकाचा हूक आड येतो, म्हणून 10 च्या खुणेपासून सुरुवात करा आणि शेवटी 10 वजा करा. टेप तिरका झाला तर घेर जास्त येतो, तेव्हा तीन-चार ठिकाणी मोजून सर्वांत लहान आकडा घ्या. वेल्डिंगचा उंचवटा टाळा. सुतळी नको, ती ताणते.

घेर 314 सेंमी आला तर त्याला 3.1416 ने भागा, बाहेरचा व्यास 99.95. पत्रा 5 मिमीचा असेल तर दोन्ही बाजूंचा मिळून 1 सेंमी वजा, आतला 98.95. उंची 120 धरली तर 923 लिटर. जाडी विसरलात तर 942 येतील. इथे 19 लिटर हरवतात आणि लोक वाद घालतात 22/7 घ्यायचे की 3.1416! त्यातला फरक 0.04 टक्के, हजार लिटरला अर्धा लिटरसुद्धा नाही.

उंचीही आतूनच मोजा, तळाची जाडी सोडून. आणि हे सगळं सरळ भिंतीच्या टाकीसाठी. वरचा आणि खालचा घेर वेगळा असेल तर दोन्ही त्रिज्यांचे वर्ग आणि त्या दोन त्रिज्यांचा गुणाकार यांची बेरीज करा, तिला उंचीने आणि 3.1416 ने गुणून 3 ने भागा. तळ घुमटासारखा असेल तर तेवढा भाग मापाने पाणी ओतूनच मोजा.